वळसंग : एका गावाची मोजणी

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारणपणे वीस-बावीस किलोमीटर अंतरावर वळसंग हे गाव लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे एक मोठे खेडे. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेला प्रवासी या गावावरून जातो, खिडकीतून पाटी वाचतो आणि पुढे सरकतो. आपल्या महाविद्यालयात या रस्त्यावरच्या गावांतून रोज एस.टी.ने येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. परंतु 'तुझ्या गावाचा इतिहास काय?' असे विचारले तर बहुतेकजण 'आमच्या गावाला कसला इतिहास?' असे म्हणून हसतात. इतिहास म्हणजे किल्ले, लढाया आणि राजांच्या वंशावळी अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे वळसंगच्या निमित्ताने तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. गाव म्हणजे शेवटी माणसे. तेव्हा गावाची माणसे कोणी, कधी व कशी मोजली, आणि मोजताना कोणाला धरले व कोणाला बाजूला ठेवले, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.

परिसर आणि पूर्वेतिहास

वळसंग नावाचे आणखी एक गाव सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात आहे. आपण बोलत आहोत ते सोलापूरचे. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थान आहे. तेथील संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांना सापडला. मराठीतील अगदी जुन्या अशा कालनिर्देशित लेखांत त्याची गणना होते. ज्या भागात आजही कानडी घरोघर बोलली जाते, त्याच भागात मराठीचा इतका जुना पुरावा मिळावा, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. दोन भाषा येथे हजार वर्षे शेजारी शेजारी नांदत आलेल्या आहेत.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापूर नगरीला धार्मिक महत्त्व मिळवून दिले. पुढे बहामनी सत्ता आली आणि ती फुटल्यावर सोलापूरचा किल्ला व त्याभोवतीचा मुलूख विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यामध्ये भांडणाचे कारण होऊन बसला. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी शाहू महाराजांनी ज्यांना पुत्राप्रमाणे मानले, त्या फत्तेसिंह भोसले यांच्याकडे अक्कलकोटचा प्रदेश आला व तेथे संस्थान उभे राहिले. ते १९४८ साली विलीन झाले. या सर्व उलाढालींत खेड्यांची नावे क्वचितच येतात. सत्ताधीश बदलत गेले, परंतु सारा गोळा करणारे पाटील-कुलकर्णी, बारा बलुतेदार आणि वेशीबाहेरचा महारवाडा ही रचना मात्र जवळजवळ तशीच राहिली. लढायांपेक्षा ही रचनाच खेड्याच्या इतिहासाचा खरा गाभा आहे.

इंग्रजी अमलात १८३८ साली सोलापूरची स्वतंत्र कलेक्टोरेट झाली. त्याच सुमारास, १८३६ साली, शेजारच्या इंदापूर भागात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली आणि ती हळूहळू सगळ्या दख्खनभर पसरली. शेताला नंबर मिळाला, बांधाला दगड मिळाला. प्रथम जमीन मोजली गेली, माणसे मोजण्याची पाळी त्यानंतर आली.

दोन भाषांचे गाव

वळसंगच्या आसपासची गावनावे पाहावीत. दर्गनहळ्ळीतील 'हळ्ळी' हा शब्द कानडी असून त्याचा अर्थच गाव असा आहे. होनमुर्गी, यत्नाळ ही नावेही कानडी वळणाचीच वाटतात. या पट्ट्यातील माणूस घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि वेळप्रसंगी दखनी उर्दूही बोलतो. सोलापूर शहरात त्यांत विणकरांच्या तेलुगूची भर पडते. शिरगणतीच्या तक्त्यात मात्र 'मातृभाषा' या रकान्यात एकच नाव लिहावे लागते. दुसऱ्या भाषांसाठी वेगळा रकाना आहे, पण वाचणारे बहुधा पहिलाच रकाना वाचतात.

हा रकाना किती नाजूक आहे, हे राज्यपुनर्रचनेनंतर कळून आले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, १९६० साली महाराष्ट्र राज्य निर्माण झाले आणि १९६६ साली सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. त्या वादात बेळगावबरोबर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांची नावेही वारंवार घेतली गेली. दोन्ही बाजूंनी जनगणनेचे आकडेच पुढे केले. ज्या घरात आई एका भाषेत ओवी गाते आणि मुलगा दुसऱ्या भाषेत पाढे म्हणतो, त्या घराला 'तुम्ही कोणत्या बाजूचे?' असा प्रश्न विचारला गेला. सरहद्दीच्या गावांचे हे दुखणे आकड्यांत दिसत नाही, पण ते आकड्यांमुळेच निर्माण होते.

पाऊस, दुष्काळ आणि लोकसंख्या

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. खाली काळा पाषाण, वर कोठे खोल काळी तर कोठे उथळ मुरमाड जमीन. त्यामुळे येथील शेती मुख्यतः रब्बीची. सप्टेंबरच्या पावसाची ओल काळ्या मातीत धरून ठेवायची आणि त्या ओलीवर थंडीत ज्वारी काढायची, हा येथील शेतकऱ्याचा पिढीजात हिशेब. मालदांडी ज्वारीचे प्रसिद्ध वाण याच जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर निवड पद्धतीने तयार झाले. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेही याच कारणाने.

पाऊस चुकला की काय होते, ते जनगणनेचे जुने आकडे सांगतात. १८७२ साली पहिली गणती झाली तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. १८८१ साली ती ५,८२,४८७ भरली. नऊ वर्षांत लाखाहून अधिक माणसे कमी झाली! मधल्या काळात १८७६-७७चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. काही मेले, काही देशोधडीला लागले. १८९१ साली आकडा ७,५०,६८९ पर्यंत चढला आणि १९०१ साली पुन्हा ७,२०,९७७ वर उतरला. कारण १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ त्या दशकात पडले आणि जोडीला प्लेग आला. १९११ ते १९२१ या दशकात तर साऱ्या देशाचीच लोकसंख्या घटली. १९१८चा इन्फ्लुएन्झा त्याला मुख्यतः कारणीभूत होता.

आज आपण लोकसंख्या म्हटले की 'वाढ' हाच शब्द उच्चारतो. आपल्या पणजोबांच्या काळात लोकसंख्या घटतही असे, ही गोष्ट आपल्या कल्पनेत बसत नाही. वळसंगसारखे कोरडवाहू शेतीवर जगणारे गाव या चढउतारांतूनच गेलेले आहे. पुढे १९७२चा दुष्काळ आला. तो पिकांच्या दृष्टीने कमी भयंकर नव्हता, परंतु या वेळी माणसे पूर्वीसारखी मेली नाहीत. रस्त्यावर खडी फोडण्याचे का होईना काम मिळाले, सुकडी मिळाली, आणि त्यातूनच रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला. १८७६ आणि १९७२ या दोन दुष्काळांतील फरक हा पावसाचा नसून राज्यव्यवस्थेचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

माणसे मोजतात कशी?

येथे थोडे विषयांतर करून गणतीची पद्धत समजून घेणे इष्ट ठरेल. १८८१ पासून भारतात दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. १९३१ पर्यंत ती एकाच रात्री केली जाई. ठरलेल्या रात्री जो जेथे असेल तेथेच तो मोजला जाई. म्हणजे त्या रात्री वळसंगचा माणूस सोलापूरच्या गिरणीत रातपाळीला असेल, तर त्याची नोंद शहराकडे जाण्याचा संभव असे. १९४१ पासून ही पद्धत बदलली आणि माणूस नेहमी राहतो कोठे, हे पाहून काही दिवसांच्या अवधीत गणती होऊ लागली. गावच्या शाळेतील शिक्षक आणि तलाठी हेच या कामाचे खरे शिलेदार.

'गाव' म्हणजे काय, याचीही एक व्याख्या आहे. जनगणनेच्या दृष्टीने गाव म्हणजे महसुली गाव, म्हणजे ज्याची शीव ठरलेली आहे असा मुलूख. मग त्यात गावठाण आले, मळ्यातली वस्ती आली आणि नवी वसाहतही आली. गावाचे 'शहर' केव्हा होते? नगरपरिषद वगैरे नसली तरी तीन अटी पुऱ्या झाल्या की जनगणना त्या गावाला शहर म्हणते : लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर असणे. यातली तिसरी अट महत्त्वाची आहे. गाव कितीही मोठे झाले, तरी पुरुषांच्या हातात नांगर आहे तोवर ते गावच. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या अटीत बायकांचे काम धरलेलेच नाही. शेतात खुरपणारी, घरी विड्या वळणारी, पहाटे उठून पाणी भरणारी स्त्री गावाचे शहर करण्याच्या हिशेबात येत नाही.

२०११च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के. दर हजार पुरुषांमागे ९३८ स्त्रिया होत्या. दक्षिण सोलापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ६० हजार. २०२१ची गणती कोविडच्या साथीमुळे झाली नाही. नव्या गणतीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन सरकारने जाहीर केलेला आहे आणि तीत जातीचीही नोंद घेण्याचे ठरले आहे. सर्व जातींची अशी पूर्ण नोंद यापूर्वी १९३१ साली झाली होती. म्हणजे दीड दशक आपण एका जुन्या आकड्यावर गावांच्या योजना आखत आहोत. शाळेच्या खोल्या, आरोग्यकेंद्र, पाण्याची टाकी हे सारे डोकी मोजून ठरते, आणि ती डोकी २०११ची आहेत.

१९३७ची विहीर

वळसंगच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे पान आहे ते एका विहिरीचे. गावात पाणी होते, पण ते सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला सवर्णांच्या पाणवठ्यावर जाता येत नसे. या समाजाने वळसंगमध्ये स्वतःच्या कष्टाने विहीर खणली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत ती खुली झाली. आजही ही विहीर बाबासाहेबांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्याविषयी लोकांच्या मनात मोठा आदर आहे.

या घटनेचा काळ नीट पाहिला म्हणजे तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी ओंजळीने घेतले. त्यावरून दावा सुरू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे बरोबर दहा वर्षांनी. त्याच वर्षी प्रांतिक निवडणुका होऊन बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार कायदेमंडळात निवडून आले. सोलापूरकडून जिवाप्पा ऐदाळे हे त्यांपैकी एक होते.

म्हणजे १९३७ साली अस्पृश्य समाजाच्या हाती कायदेमंडळाचा ठराव होता, न्यायालयाचा निकाल होता, निवडून आलेले प्रतिनिधी होते. आणि तरीही वळसंगच्या माणसांना पाण्यासाठी स्वतःची विहीर स्वतः खणावी लागली. हक्क मिळणे आणि तहान भागणे यांत केवढे अंतर असते, ते या विहिरीच्या खोलीवरून कळते. महाडला पाणी घेण्याचा हक्क प्रस्थापित झाला. वळसंगला, 'तुम्ही देत नसाल तर आम्ही जमिनीतून काढू,' हा स्वाभिमान प्रस्थापित झाला. दोन्ही मार्ग एकाच चळवळीचे आहेत, पण दुसरा मार्ग हजारो लहान गावांना शक्य होता. काळा कातळ फोडून पाण्याला लागणे म्हणजे काय, हे या भागातील शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात 'विहीर' हा साधा शब्द का आला असावा, असा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडतो. त्याचे उत्तर वळसंगसारख्या गावांत आहे. १९५८ साली महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला आणि गावगाड्याची ती जुनी रचनाही कायद्याने मोडली. १८८१च्या तक्त्यात वळसंगची सारी डोकी सारखीच धरली गेली होती; विहिरीवर मात्र ती सारखी नव्हती. मोजणी समान आणि वागणूक असमान, ही विसंगती दूर करण्याचे काम विहीर खणणाऱ्या त्या माणसांनी केले.

शहर जवळ येत आहे

आता आजच्या वळसंगकडे येऊ. सोलापूर शहराची लोकसंख्या १९०१ साली ७५,२८८ होती. १८७०च्या दशकात सुरू झालेल्या जुन्या गिरणीने आणि नंतरच्या गिरण्यांनी आसपासच्या खेड्यांतील माणसे ओढून घेतली आणि १९७१ साली शहर ३,९८,३६१ वर पोहोचले. पुढे १९९१ साली ६,०४,२१५ आणि २००१ साली एकदम ८,७२,४७८. ही उडी केवळ जन्माची वा स्थलांतराची नव्हे. १९९२ साली महापालिकेची हद्दवाढ झाली आणि बाळे, शेळगी, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी यांसारखी गावे शहरात आली. माणसे जागच्या जागी राहिली, रेषा सरकली. २०११ साली शहर ९,५१,५५८ झाले.

अक्कलकोट रस्त्यावर हेच वेगळ्या प्रकारे घडत आहे. सोलापूर आणि वळसंग यांच्यामध्ये कुंभारी हे गाव आहे. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ साली तिचे लोकार्पण झाले. त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी 'रे नगर' या तीस हजार घरांच्या वसाहतीचे काम हाती घेण्यात आले आणि त्यांतील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द झाली. दर घरी चार-पाच माणसे धरली, तर ही तीस हजार घरे भरल्यावर एकट्या रे नगरात सव्वा ते दीड लाख लोक राहतील. २०११च्या संपूर्ण तालुक्याच्या लोकसंख्येशी हा आकडा ताडून पाहावा : तो जवळजवळ निम्मा भरतो. एका खेड्याच्या शिवारात शहराएवढी वस्ती उभी राहत आहे, आणि तेथून वळसंग काही फार दूर नाही. महामार्ग रुंद झाला आहे. जमिनीचा भाव एकरावरून फुटावर येऊ लागला, की शहर जवळ आले असे समजावे.

वळसंगची प्रशासकीय स्थितीही मोठी मौजेची आहे. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, पण त्या तालुक्याची मुख्य कचेरी तालुक्यातल्या एखाद्या गावी नसून सोलापूर शहरात आहे. विधानसभेसाठी वळसंगचे महसूल मंडळ मात्र अक्कलकोट मतदारसंघात मोडते. दाखल्यासाठी एका दिशेला जायचे आणि आमदारासाठी दुसऱ्या. गावाच्या नावाचे पोलीस ठाणे आहे, म्हणजे आसपासच्या खेड्यांना वळसंग हे लहानसे केंद्रच आहे. शहराच्या दृष्टीने खेडे आणि खेड्यांच्या दृष्टीने मोठे गाव, अशी ही मधली अवस्था आहे. अशा गावांची उपेक्षा लवकर होते. कारण शहराच्या योजनांत ती बसत नाहीत आणि दुर्गम खेडे म्हणून कोणाला त्यांची कीवही येत नाही.

समारोप

वळसंगसारख्या गावाला इतिहास नसतो, हे म्हणणे कितपत टिकते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. हजार वर्षांचा द्वैभाषिक संसार, दुष्काळांनी खाल्लेली माणसे, कातळातून काढलेले पाणी आणि दारात येऊन उभे राहिलेले शहर एवढे सारे या एका गावाच्या पोटात आहे. हा इतिहास ताम्रपटावर नाही. तो सातबाऱ्याच्या उताऱ्यात, शाळेच्या जुन्या दाखला-रजिस्टरात, जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या कोष्टकात आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे. शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे. १९३७ची आठवण स्वतःच्या डोळ्यांनी सांगणारी पिढी गेली. १९७२ साली खडी फोडलेली पिढी आज सत्तरीत आहे.

लवकरच नवी जनगणना होईल. तुमच्यामाझ्या गावातील शिक्षक हातात यंत्र घेऊन दारी येतील आणि किती माणसे, किती खोल्या, पाणी कोठून आणता, असे विचारतील. त्यांच्या तक्त्यात 'किती' याची उत्तरे भरली जातील. 'कसे' आणि 'का' याची उत्तरे लिहिण्याला मात्र तेथे जागा नसते. ते काम आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गावी सुट्टीत केले, एका वहीत आजोबांच्या तोंडून पाणवठ्याचा, दुष्काळाचा आणि वाटण्यांचा इतिहास उतरवून घेतला, तर इतिहासाच्या व समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना त्याहून चांगली साधने कोठे मिळतील? आणि त्या वहीत पहिला प्रश्न हाच असावा : आपल्या गावात पाणी सर्वांना केव्हा मिळू लागले, आणि ते कोणी मिळवून दिले?